जास्तीचे चार झगे

२ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस, दादाचे अनेक आशीर्वाद आणि एक जड गाठोडं.

गाठोडं सकाळच्या गाडीने रवाना केलं आहे. तू सोळा झगे मागितले होतेस, मी वीस शिवले. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तुमच्या चर्चची क्वायर परक्या देशात पंधरा दिवस गाणार, तिथल्या बायकांना गाणी शिकवणार, म्हणजे कुणीतरी आम्हालाही रांगेत उभं राहू द्या म्हणणारच. त्यांना काय टेबलावरची चादर गुंडाळून उभं करणार? प्रत्येक झग्याला मानेच्या आतून नंबर घातला आहे. सतरा ते वीस जास्तीचे. विसावा जरा लांब झाला, कारण तो कापताना तुझी वहिनी माझ्याशी भांडत होती. कुणी बुटकं भेटलं तर खाली चार बोटं आत दुमडून घे.

आमची भुंगी पहिल्यांदाच देशाबाहेर निघाली आहे. तिची आई दिवसातून एकदा रडते आणि दोनदा तिची बॅग भरते. मी तिला सांगितलं की पोरगी आत्याच्या नजरेखाली आहे, तिला वाराही लागायचा नाही. त्या नजरेची माझ्याइतकी ओळख कुणाला आहे? क्वायर तुझ्या हातात आली त्या पहिल्याच तालमीत तू तीनदा माझ्याकडे पाहिलंस. तोंडातून अवाक्षर नाही, नुसतं पाहिलंस, आणि बेसूर कोण ते अख्ख्या चर्चला कळलं. तिसऱ्या वेळी मी मुकाट्याने खाली उतरलो, तो आजपर्यंत झगेच शिवतो आहे. तक्रार नाही, लोकांचे कान वाचले. पण तिथल्या माणसांकडे जरा बेताने बघ.

पोरगी तुझ्या हवाली केली आहे. पोचल्याचं लगेच कळव आणि माया आहे तशीच असू दे.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास, सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही सोळाही जण धडधाकट पोचलो. मिशनच्या दवाखान्याला लागून शाळा आहे, तिथल्या एका वर्गात बाकं भिंतीला सारून गाद्या घातल्या आहेत. सकाळी रुग्णांच्या खोल्यांतून गातो, दुपारी तिथल्या बायकांची तालीम. दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर मूळचे आपल्याकडचेच, तेच आमचे दुभाषी. इथली माणसं रंगरूपाने अगदी आपल्यासारखी. तोंड उघडेपर्यंत कोण कुठला ते कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही वहिनीला वाचून दाखवू नकोस. हे गाव नदीच्या अलीकडचं, आणि नदीपलीकडच्या लोकांशी यांचं जुनं वैर आहे. ते गेल्या महिन्यात पुन्हा पेटलं. परवा सकाळी आम्ही गच्चीवर चादरी वाळत घालत होतो. खाली चौकात बस थांबवून पलीकडच्या एका माणसाला ओढून काढलं आणि लोखंडी गजांनी मारलं. आधी गुडघे, मग हात, मग तोंड. तो ओरडायचा थांबला तरी मारणाऱ्यांचे हात थांबेनात. एक जण दमला, त्याने गज दुसऱ्याच्या हातात दिला आणि कडेला बसून पाणी प्यायला. डॉक्टर दोन तास टाके घालत होते. भुंगीने बादली धरली होती. तो माणूस तिच्यासमोरच गेला. ती रडली नाही, फक्त हात पुन्हापुन्हा धूत होती.

आमच्यातले पाळकसाहेब लगेच परत फिरू म्हणतात, पण पूल बंद आहे आणि विमान पंचवीसचं. परदेशी पाहुण्यांना कुणी हात लावत नाही, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. तेवढ्यावर आम्ही आहोत.

तुझे जास्तीचे झगे सत्कारणी लागले. दोन नर्स, म्हातारा वॉचमन आणि स्वयंपाकाच्या बाई, चौघंही पलीकडची, तालमीला येऊन उभी राहतात. विसावा झगा बाईंना दिला. बुटक्या, गोलमटोल आणि सदा घाईत. पांढरा दोरा मिळेना म्हणून त्यांनी लाल दोऱ्याने खालची पट्टी घातली. एकेक टाका एकेका दिशेला चालला आहे, तू पाहिलास तर दुकान बंद करशील. आणि आवाज? दादा, मला वाटलं तूच आलास. प्रत्येक गाण्यात अर्धा सूर खाली, आणि तोही सगळ्यांच्या वरताण मोठ्याने. मी पाहिलं की त्या ओशाळून हसतात, गप्प होतात आणि पुढच्या ओळीला दुप्पट जोराने सुरू होतात. शेवटी डॉक्टरांकरवी सांगितलं की बाई, तुम्ही नुसते ओठ हलवा. त्यांनी मान डोलावली. लहानपणापासून असं रांगेत उभं राहायचं मनात होतं, असं म्हणाल्या. मला जरा वाईट वाटलं, पण गाणं सावरलं.

भुंगी मजेत आहे असं वहिनीला सांग. आम्हा दोघींची आठवण ठेव.

तुझी,
मास्तरीण

२८ फेब्रुवारी

ती. दादास, सप्रेम सलाम.

आधी हे वाच. भुंगी माझ्या शेजारी बसली आहे आणि तिच्या अंगावर ओरखडाही नाही. आम्ही सोळा जण बंदराच्या शहरात सुखरूप आलो आहोत, परवा निघू. बातम्यांमध्ये काय काय आलं असेल त्याची मला कल्पना आहे.

तेवीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला बाजार पेटवला. मग ट्रक आले. त्यांना दवाखान्यातली पलीकडची माणसं हवी होती. दोन रुग्णांना खाटांवरून ओढून पायरीवरच गोळ्या घातल्या. एकाच्या हातातली सलाईनची नळी तशीच लोंबत होती. डॉक्टर आडवे गेले, तर बंदुकीचा दस्ता तोंडावर मारून त्यांचे पुढचे दात पाडले. दोन्ही नर्स, वॉचमन आणि स्वयंपाकाच्या बाई धावत आमच्या वर्गात शिरल्या. तेव्हा आपल्या भुंगीला सुचलं. तिने खसाखस झगे काढले, त्यांच्या डोक्यांवरून चढवले, आम्हीही चढवले आणि चौघांना रांगांमध्ये मधे मधे उभं केलं.

त्यांचा म्होरक्या आत आला. बारीक माणूस, चष्मा, एकाच मनगटावर दोन घड्याळं. डॉक्टरांनी रक्ताळल्या तोंडाने सांगितलं की हे सगळे परदेशी गायक आहेत. तो म्हणाला, मग गाऊ द्या. मी नादकाटा वाजवून सूर दिला. तो रांगांच्या मागे जाऊन फळ्याला टेकून उभा राहिला.

त्याने स्वयंपाकाच्या बाईंना ओळखलं. केसांना धरून अंगणात नळाजवळ नेलं. जाताना बजावलं की गाणं थांबलं तर आणखी एक काढीन. दोघांनी त्यांना दस्त्यांनी मारलं. खिडकी उघडी होती. हाड मोडल्याचा आवाज येतो, दादा, हे मला माहीत नव्हतं. आम्ही चारही कडवी गायलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्यांदा तिसऱ्या कडव्याला गोळीचा आवाज आला.

बाकी तिघं वाचली. बाईंना आम्ही त्याच झग्यात पुरलं. तुझे एकोणीस झगे परत येत आहेत. जास्त लिहवत नाही. आमच्यावर माया ठेव.

मास्तरीण

१० मार्च

चि. मास्तरणीस, दादाचे आशीर्वाद, डोळ्यांतल्या पाण्यासकट.

तुझं पत्र मी दुकानात उभ्यानेच वाचलं आणि गिऱ्हाईकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवून ठेवल्या. तुझे उपकार कुठल्या जन्मी फिटायचे? पोरगी हवाली केली होती, तू ती परत दिलीस. वहिनी तुझा फोटो पुसून पुसून काच झिजवते आहे.

तुझ्या चर्चच्या मंडळींचं मला पत्र आलं. तीस तारखेच्या उपासनेत तुला मानपत्र देणार आहेत. प्रसंगावधानाने एकोणीस जीव वाचवणाऱ्या भगिनीस, असा मजकूर आहे. मी दोन शब्द बोलावेत असं म्हणतात. मी आयुष्यात कधी चारचौघांत बोललो नाही, पण या वेळी बोलीन.

एक काळजी आहे. भुंगी तुझ्याकडे न थांबता सरळ इकडे आली, त्याला आठ दिवस झाले. पाळण्यात असल्यापासून गुणगुणते म्हणून आपण तिला भुंगी म्हणायला लागलो, ती आता हूं की चूं करत नाही. नळ सुरू झाला की स्वयंपाकघरातून उठून जाते. मानपत्राचा मजकूर मी वाचून दाखवला, तर तिने खोलीचं दार लावून घेतलं. आज हा बंद लिफाफा तुला पाठवायला दिला. मी उघडलेला नाही. तुझ्याशी तिचं काय बिनसलं? तू विचारलंस तर सांगेल.

तब्येतीला जप. आम्हा सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे.

दादा

(सोबतच्या लिफाफ्यातून)

आत्या, सलाम.

तू बाबांना लिहिलंस की त्याने बाईंना ओळखलं. ते खरं नाही. तो आमच्या मागे उभा होता. त्याला आमच्या पाठी दिसत होत्या आणि तुझा चेहरा दिसत होता. मी पहिल्या रांगेत तुझ्यासमोर होते. तू कुणाकडे पाहिलंस ते मी पाहिलं.

मी घरात कुणाला काही बोललेले नाही. झगे मी आणले, बाईंना तिथे मी उभं केलं, म्हणून मला झोप लागत नाही. तुला लागते का? बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. आणि तीस तारखेला ते मानपत्र तू हातात घेतलंस, तर मी पुन्हा कधी तुझ्यासमोर गायला उभी राहणार नाही.

भुंगी

१६ मार्च

ती. दादास सलाम. आज कुशल विचारत नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले. म्होरक्याने बाईंना ओळखलं नाही. मी दाखवून दिलं.

पहिली ओळ छान झाली. दोन्ही नर्स आणि वॉचमन ओठ हलवत होते. दुसऱ्या ओळीला बाईंनी आवाज लावला. का लावला ते मला कळलेलं नाही. नुसते ओठ हलवले तर पकडले जाऊ असं वाटलं असेल, किंवा भीतीने आवाज फुटला असेल. मला असंही वाटतं की त्यांना गायचंच होतं, मरायच्या आधी एकदा. अर्धा सूर खाली, नेहमीसारखा. आणि माझी नजर गेली. सूर घसरला की माझी मान वळते, दादा, तीस वर्षं वळते आहे, ती मला विचारून वळत नाही. पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं ओशाळून हसल्या.

तो माणूस गाणं ऐकतच नव्हता. गाणं शिकवणाऱ्या बाईला आपली माणसं आणि उपरी माणसं कळतात, हे त्याला ठाऊक होतं. तो फळ्यापासून निघाला आणि सरळ बाईंच्या मागे येऊन उभा राहिला. नंतर अंगणातून परत आला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि काहीतरी बोलला. डॉक्टर सांगायला तयार नव्हते. मी हट्ट धरला. तो माझे आभार मानत होता.

अजून एक आहे. त्या किंकाळ्या सुरू असताना मी हात चालू ठेवला. ठेका एकदाही चुकू दिला नाही. थांबले असते तर आणखी एक गेला असता, हे खरं आहे. पण वरच्या पट्टीतल्या दोघी रडताना सूर सोडत होत्या, तेव्हा मी त्यांच्याकडेही पाहिलं. तेव्हासुद्धा, दादा.

त्या दिवसापासून मी हात वर केलेला नाही. क्वायरला सांगितलं की खांदा दुखतो. तीस तारखेला मी काय करू? मंडळींना खरं सांगितलं तर गेलेल्या बाई परत येत नाहीत आणि मी सगळ्यांच्या मनातून उतरते. गप्प राहिले तर भुंगी जाते. तू सांगशील तसं करीन. तुझ्या मायेवर आता माझा हक्क उरला नाही, तरी मागते आहे.

मास्तरीण

२० मार्च

मास्तरणीस,

असं पत्र भावाला लिहितात? दोन दिवस माझ्या हातून एक कापड सरळ कापलं गेलेलं नाही.

मी सांगतो ते ऐक. गप्प बस. माझी पोरगी जिवंत आहे, मला तेवढं पुरे आहे. मारलं त्यांनी, तू नाही. तीस तारखेला मानपत्र घे, घरी ने आणि कपाटात टाक. भुंगीला मी समजावतो. लहान आहे, विसरेल. तुझं पत्र मी चुलीत घालणार आहे.

२१ मार्च. काल एवढं लिहून ठेवून दिलं. पत्र चुलीत घातलं नाही. भुंगीला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती माझ्या कापायच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा रडली, उलटी होईपर्यंत रडली. मग म्हणाली की बाबा, बाईंच्या जागी तुम्ही असता तर आत्याने तुमच्याकडे पाहिलं असतं. मी हसायला गेलो आणि मला हसू येईना.

खरंच आहे ते. त्या रांगेत मी असतो तर नळाजवळ माझं डोकं फुटलं असतं. मला तुझा राग येतो का? येतो. त्यात थोडा तीस वर्षांपूर्वीचाही आहे, तो मुरला असेल असं वाटलं होतं. तू म्हणतेस तशी तुझी मान तुला न विचारता वळते, हेही मला पटतं. दोन्ही एकदमच खरं आहे, त्याला मी काय करू? माफ करायचं म्हणशील तर ते त्या बाईच्या हातात होतं. तिलाही कुणी भाऊ असेल, त्याला कुणी दोन शब्द बोलायला बोलावलेलं नाही.

गप्प बस असं काल मी लिहिलं, ते मागे घेतो. माझी वाचली म्हणून मी तुला खोटं वागायला सांगत होतो. तुला जे सांगायचं ते सगळ्यांदेखत सांग. मी भाषणाला येत नाही असं मंडळींना कळवलं आहे. भुंगीला उद्याच्या गाडीने पाठवतो, मग ती बोलो न बोलो.

एक विचारायचं राहिलं. बाईंनी पट्टी घातली तो दोरा कसला लाल होता? विटेसारखा की कुंकवासारखा? उलट टपाली कळव.

दादाच आहे अजून,
तुझा

३१ मार्च

ती. दादास, सप्रेम सलाम, वि. वि.

विटेसारखा, असं मी कळवलं तेव्हा तू का विचारतो आहेस याचा मला पत्ताच नव्हता.

काल तू आलास, उभा राहिलास आणि उपासना संपताच चारची बस गाठायला निघून गेलास. म्हणून आधी काय झालं ते सांगते, कारण तू बाजूच्या दाराने आत आलास तेव्हा निम्मं होऊन गेलं होतं.

पाळकसाहेबांनी मानपत्र वाचलं. मी पुढे गेले, पण हात पुढे केले नाहीत. तुला लिहिलं तेच सांगितलं, त्याने माझे आभार मानल्याचंसुद्धा. मंडळीच्या अध्यक्षांचा हात फ्रेमसकट तसाच पुढे राहिला. कुणीतरी मागून म्हणालं की यात माझा काय दोष, मी मानपत्र घ्यावं. वरच्या पट्टीतली एक जण झगा काढून बाकावर ठेवून बाहेर गेली. ती त्या दिवशी रडत होती, मी जिच्याकडे पाहिलं होतं ती. तिला मी हाक मारली नाही. मानपत्र टेबलावर पालथं ठेवलं गेलं आणि ते अजून तिथेच असेल.

मी नादकाटा भुंगीच्या हातात दिला आणि म्हणाले की क्वायर आता तू उभी कर. तिने तो घेतला, गुडघ्यावर आपटून वाजवला आणि माझ्या कानाला लावला. मग जाऊन पहिल्या रांगेत, माझ्यासमोर, उभी राहिली. म्हणून मी हात वर केला. नाहीतर तो पुन्हा कधी वर गेला नसता.

गाणं तेच होतं. पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीला शेवटच्या रांगेतून अर्धा सूर खाली, सगळ्यांच्या वरताण मोठ्याने आवाज आला. माझी मान वळली, दादा. मी तिला आवरायला गेले आणि तरी ती वळलीच. तिथे तू होतास. नवा शिवलेला झगा, तुझ्या अंगाला बरोबर बसणारा, आणि खाली पट्टीला लाल दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. तुझ्यासारख्या शिंप्याला एवढे वाकडे टाके घालायला किती कष्ट पडले असतील. तू घामाघूम झाला होतास. मी पाहिल्यावर तू ओशाळून हसलास, पण गप्प झाला नाहीस. आणि मी नजर काढून घेतली नाही. चारही कडवी तुझ्याकडेच बघत राहिले. इतरांनी काय गायलं ते मी ऐकलेलं नाही.

भुंगी माझ्याशी अजून बोलत नाही. गावात आल्यापासून आठ दिवस मैत्रिणीकडे राहिली, पण काल सामान घेऊन माझ्याकडे आली आणि संध्याकाळी माझ्या ताटाशेजारी आपलं ताट मांडलं. सकाळी नळाचा आवाज आला तेव्हा दोघीही जागेवरून उठलो नाही.

झगा तू बाकावर घडी करून ठेवून गेलास. मानेच्या आत वीस नंबर पाहिला. तो मी खुंटीला लावून ठेवला आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तालीम दहाला सुरू होते, पहाटेची बस धरलीस तर पोचशील. येऊन आपल्या जागी उभा राहा. आणि नुसते ओठ हलवू नकोस, गा.

वाट पाहते आहे.

तुझी,
मास्तरीण